वीज नको म्हणणाऱ्यांचे पाणी कोण भरते?



गेल्या मार्चात शिबिरासाठी आम्ही तिघे कार्यकर्ते सिंधुदुर्गात गेलो होतो. परतण्याआधी एक रात्र समुद्रकाठच्या एकांत झोपडीत राहण्याचा बेत एका स्नेह्याने जमवून दिला. वीज नाही, नळ नाही, मोबाईलला रेंज नाही. माडाच्या झापांचे छप्पर, कंदील आणि समोर समुद्र. जाहिरातीत याला ‘ऑफ-ग्रिड’ म्हटले होते. एका रात्रीचे भाडे शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून जास्त. हे सुख आम्हीही घेतले, भरल्या पिंपातून यथेच्छ अंघोळ केली, हे आधीच कबूल करतो.

सकाळी एक काकी डोक्यावर हंडा घेऊन वाळूतून येताना दिसल्या. पाणी कुठून येते, असे आम्ही विचारले. ‘खंयसून येतला? वरच्या बावीवरसून. मीच हाडतंय,’ त्या म्हणाल्या. शौचालय म्हणजे भुसा टाकायची बादली. ती दर दोन दिवसांनी त्यांचा मुलगा उचलतो आणि माडांमागच्या खड्ड्यात ओततो. घर कुठे? बौद्धवाडीत. आमच्या पिशवीवरचे बाबासाहेबांचे चित्र पाहून काकींनी ‘जय भीम’ केला. आम्हाला मान वर करवेना. रात्रीची आमची अंघोळ त्यांच्या मानेवरून आली होती.

मुद्दा इथेच आहे. यंत्रणेविना कोणी राहत नाही. तार, नळ आणि गटार काढून टाकले की त्यांच्या जागी माणूस उभा करावा लागतो. तो माणूस कोणत्या वाडीतून येणार, हे या देशात शतकानुशतके ठरलेले आहे. जात हीच इथली सर्वांत जुनी ग्रिड आहे. तिचे बिल मात्र वापरणाऱ्याला कधीच येत नाही.

बाबासाहेबांना हे नेमके कळले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळताना वीज मुबलक आणि स्वस्त असली पाहिजे, हा आग्रह त्यांनी धरला. दारिद्र्यातून सुटायचे तर उद्योग हवेत आणि उद्योगांना वीज हवी, हा त्यांचा हिशेब होता. १९४५ च्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली. यंत्र माणसाला फुरसत देते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असे त्यांचे म्हणणे होते. निसर्गाकडे परतण्याची हाक ज्यांच्या डोक्यावर हंडा नाही त्यांनाच गोड लागते.

कोणी म्हणेल, रोजगार तर मिळतो ना? मिळतो. पण माडाची बाग, झोपडी आणि भाडे मालकाचे, आणि हंडा व बादली बौद्धवाडीची, ही वाटणी नवी नाही. याच कोकणातील खोती नष्ट करण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले होते. खोत गेले, पण कष्ट कोणाचे आणि मलई कोणाची, हा प्रश्न राहिला.

बादलीचा प्रश्न तर कायद्याचाच आहे. पूर्ण कुजण्याआधी मैला माणसाला हाताळावा लागेल असे शौचालय बांधण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. त्याला ‘पर्यावरणस्नेही’ अशी पाटी लावली म्हणून गुन्ह्याचे पुण्य होत नाही. मैल्याचे खत होईपर्यंत त्याला कोणी हात लावणार नाही अशी सोय करता येते, पण त्यासाठी मालकाला खर्च करावा लागतो. मुलाला बादली उचलायला लावणे स्वस्त पडते.

आमचा सौर पॅनेलला विरोध नाही आणि समुद्राशी वैर नाही. कोकणात धो धो पाऊस पडतो, तरी जांभ्या दगडात पाणी टिकत नाही आणि उन्हाळ्यात कितीतरी वाड्या टँकरची वाट पाहतात. त्यांच्या वाट्याला आलेला अभाव निवडलेला नाही. म्हणून अशी झोपडी ठरवण्याआधी मालकाला तीन प्रश्न विचारा. पाणी कोण आणते? शौचालय कोण आणि किती दिवसांनी उपसते? त्या माणसाच्या स्वतःच्या घरी नळ आहे का? उत्तर देताना मालक अडखळला, तर ती झोपडी घेऊ नका.

१९२७ साली महाडला आपण चवदार तळ्याचे पाणी प्यालो, ते माणूसपणाचा हक्क बजावण्यासाठी. शंभरी जवळ आली असताना त्याच कोकणात आपल्या काकी दुसऱ्यांच्या अंघोळीसाठी हंडे वाहत असतील, तर तो सत्याग्रह अजून संपलेला नाही.

जय भीम!