‘एरागॉन’ आधी घरीच छापलं, मग सुधारलं!
स्वतःच फँटसी मालिका छापायची म्हटलं की ‘एरागॉन’चं उदाहरण हमखास येतं. अमेरिकेतल्या मोंटानाच्या ख्रिस्तोफर पाओलिनीने १५व्या वर्षी ते लिहायला घेतलं. २००२मध्ये घरच्यांनीच ते छापलं. मध्ययुगीन वेश चढवून त्याने शाळा, लायब्ऱ्या पालथ्या घातल्या. लेखक कार्ल हायसन यांच्या सावत्र मुलाला पुस्तक आवडलं आणि २००३मध्ये ‘नॉफ’ने ते काढलं.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण ‘नॉफ’च्या आवृत्तीआधी पुस्तकावर पुन्हा कात्री चालली, हे सहसा राहून जातं. आज किंडलवर मराठी लेखकही स्वतःचं ई-बुक टाकू शकतो, नंतर फाइलही बदलू शकतो. सोय मोठीच! मालिकेत मात्र अडचण वेगळी. वाक्यं बदलता येतात. पहिल्या भागात ठरलेले जादूचे नियम दुसरा भाग आल्यावर बदलायचे कसे?