काम कंत्राटी, जबाबदारी कोणाची?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या क्षेत्रात बाहेरच्या माणसाला सिस्टीममध्ये प्रवेश द्यायचा तर तो कोण, त्याला कशाला हात लावता येईल आणि किती वेळ, हे आधी ठरते. त्याने काय केले याची नोंदही राहते. पण त्याच कार्यालयाच्या काचा पुसायला दोरावर लटकणारा किंवा सांडपाण्याची टाकी उपसायला आलेला माणूस गेटवरच्या वहीत ‘व्हेंडरचे चार लेबर’ एवढाच असतो. डेटाची जेवढी काळजी, तेवढी या माणसाची का नाही?

उत्तर ठरलेले असते: ‘ते कंत्राटदाराचे लोक आहेत.’ माझा आक्षेप या वाक्यालाच आहे.

डिसेंबर 2019 मध्ये मुंबईच्या गोवंडीत एका खासगी गृहनिर्माण सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. काम कंत्राटदारामार्फत होते. त्यांच्या विधवांना भरपाईसाठी उच्च न्यायालयात जावे लागले. सप्टेंबर 2021 मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला 10 लाख रुपये देण्याचा आदेश सरकारला दिला.

अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. आधी त्याचा कुजका वास येतो, प्रमाण वाढले की नाकाला वास कळेनासा होतो. माणसाला वाटते धोका टळला, आणि तो कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, तोही वर येत नाही. हे अपघात ‘दुर्दैवी’ नसतात. ते कसे होतात हे पूर्वीपासून माहीत आहे.

कायदाही या बाबतीत मुका नाही. 2013 चा हाताने मैला सफाईविरोधी कायदा पुरेशी सुरक्षा साधने न देता गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करवून घेण्यास मनाई करतो, आणि ती ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ अशी दोन्ही प्रकारे. म्हणजे मध्ये कंत्राटदार उभा केला म्हणून सुटका नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाखांवर नेली आणि कंत्राटी कामातही माणसाला गटारात उतरावे लागू नये, असे बजावले.

दुसरीकडे पळवाटा रुंदावत आहेत. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याची मर्यादा 20 कामगारांची होती. नव्या श्रम संहितेत ती 50 झाली. सफाई, सुरक्षारक्षक, उपाहारगृह ही कामे साधारणपणे ‘मुख्य काम’ मानली जात नाहीत, त्यामुळे ती कंत्राटावर देणे सोपे राहते. टाकी उपसायला येणारी टोळी तर चार-पाच जणांचीच असते. आणि ही माणसे बहुतेक वेळा कोणत्या जातीची, कोणत्या वस्तीतली असतात, हे आपल्याला ठाऊक आहे.

सर्वांत कमी दराची निविदा मंजूर करताना नेमके काय कमी झाले, हे कोणी विचारत नाही. बहुधा कमी होतो तो पट्टा, हेल्मेट आणि देखरेख करणारा माणूस. म्हणून सुरक्षेचा खर्च निविदेत वेगळा दाखवावा आणि त्यावर घासाघीस करू नये. कामाआधी प्रत्येकाचे नाव, विमा आणि कामाचे स्वरूप लिहून घ्यावे. उंचीवरचे काम असेल तर दोर आणि पट्टा तपासून जागेच्या मालकाच्या माणसाने सही केल्याशिवाय सुरुवात होऊ नये. धोका दिसल्यास काम थांबवणाऱ्या कामगाराची मजुरी कापू नये. आणि टाकी उपसायची तर फक्त यंत्राने.

संविधानाचे कलम 21 जगण्याचा हक्क देताना कायम आणि कंत्राटी असा भेद करत नाही. आपल्यापैकी अनेकजण सोसायटीच्या समितीवर, शाळेच्या किंवा ट्रस्टच्या कार्यकारिणीवर आहेत. नागरिकत्वाची भाषा आपण सरकारपुढे बोलतो, ती या बैठकांतही बोलावी लागेल. पुढच्या सभेत सफाईचे कंत्राट मंजुरीला येईल तेव्हा दर विचारण्याआधी एवढेच विचारा: टाकीत माणूस उतरणार आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर तो ठराव आपल्या सहीने मंजूर होता कामा नये.