जंताचं औषध तारीख बघून नको, पाऊस बघून द्या

शेळीपालनाचा कुठलाही तयार प्रकल्प अहवाल उघडा. खर्चाच्या रकान्यात एक ओळ हमखास सापडते: ‘जंतनाशक, दर तीन महिन्यांनी, सर्व शेळ्यांना.’ बँकेला दाखवायला ठीक आहे. पण धंदा त्यावर चालवाल तर फसाल, असं माझं स्पष्ट मत आहे.

का ते बघा. आपल्याकडे शेळ्या मारणारा मोठा जंत म्हणजे हिमॉन्कस. तो शेळीच्या चौथ्या पोटात बसून रक्त पितो. एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. ती लेंडीतून जमिनीवर पडतात आणि तिथून पुढचं सगळं हवामानाच्या हातात. ऊब आणि ओल दोन्ही मिळालं, की साधारण आठवडाभरात अळी तयार होते आणि ओल्या गवतावर चढते. फार वर नाही, बहुतेक अळ्या खालच्या दोन-तीन बोटांतच असतात. गायरान खुरटं झालं की शेळी नेमकी तिथेच तोंड घालते.

आता गंमत अशी, की ही तयार अळी काही खात नाही. अंगावर जुन्या कातडीचं आवरण असतं, त्यामुळे साठवलेल्या चरबीवरच जगते. थंड, ओलसर जागेत महिनोन्‌महिने टिकते. कडक उन्हात चरबी भराभर जळते, अंगातलं पाणी आटतं आणि खेळ संपतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यातलं उघडं गायरान बरंचसं आपोआप साफ होतं. ही सफाई फुकट आहे, कुठल्याही बाटलीत मिळत नाही.

पण जंत तेव्हा जातो कुठे? शेळीच्या पोटातच थांबतो. आणि इथेच तारखेचा हिशोब उलटतो. जमीन कोरडी असताना अख्ख्या कळपाला डोस पाजला, तर औषधाला पुरून उरलेले जंतच पोटात राहतात. जूनमध्ये पाऊस पडला की गायरानावर त्यांचीच पोरं. दोन-चार वर्षं असं केलं की मग ‘औषधच बोगस निघालं’ म्हणून दुकानदाराशी भांडण!

त्यापेक्षा पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी शेळीची खालची पापणी ओढून बघा. लालसर-गुलाबी असेल तर राहू द्या. पांढरी पडली असेल किंवा जबड्याखाली सूज आली असेल, तर थांबू नका. दक्षिण आफ्रिकेत याच कामासाठी फामाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला. पाऊस लागायच्या आधी लेंडीची तपासणी करून घ्या, औषध आणि मात्रा डॉक्टरांकडून वजनावर ठरवा. गाभण शेळीला तर विचारल्याशिवाय काहीच पाजू नका. दव वाळल्यावरच चरायला सोडा.

बंदिस्तवाले म्हणतील, आमच्या शेळ्या बाहेर जातच नाहीत, आम्हाला काय? तुमच्या पाण्याच्या टाकीचा नळ गळतो ना, त्याच्याखाली उगवलेली हिरवळ आधी बघून या. लेंड्या तिथेच पडतात आणि पिल्लं दिवसभर तेच कुरतडतात.