परस दाव्यात लिहा!

आपल्या वनहक्काच्या दाव्यांतून एक जागा वारंवार सुटते. ती म्हणजे घरामागचं परस. भाताचं खाचर मोजतात, नाचणी-वरीचा वरकस मोजतात. पण झोपडीभोवतीची चार-पाच गुंठे जागा, जिथं शिराळं, काकडी, वाल, मिरची, अळू लावलंय, ती नकाशाबाहेर राहते. मोजणीला आलेले साहेब म्हणतात, "ही काय शेती हाय का? बायांची हौस ती." आणि आपले गडीही मान डोलावतात. आम्हाला हे मान्य नाही.

हौस आहे, ते खरंच. पण ती एका पावसाची नाही. बियाण्याचं शिराळं वेलावरच सुकवून आढ्याला टांगायचं, वाल राखेत घोळून ठेवायचा, मक्याची कणसं चुलीवरच्या धुरात लटकवायची, हे कुठल्या शाळेत शिकवलं? आजीनं आईला दाखवलं, आईनं लेकीला. लेक नांदायला गेली तर पदरात बी बांधून गेली. आज्यानं फणस लावला, नातू खातोय. ज्याला उद्या उठून जायचंय, तो फणस लावत नाही. मग अतिक्रमण करणारे आम्ही कसे?

याच हौसेला सरकार दिल्लीत मान देतं. अकोले तालुक्यातल्या आपल्या महादेव कोळी समाजाच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावठी बियाणं जपलं म्हणून त्यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली. बियाणाला पद्मश्री, आणि ते बी ज्या मातीत जगतं ती माती मोजायची नाही, हा कुठला न्याय?

कायदा काय म्हणतो, ते पाहा. 2006 चा वनहक्क कायदा कसण्यासाठी आणि राहण्यासाठी, दोन्हीसाठी ताब्यातल्या वनजमिनीवर हक्क देतो. परसात आपण राहतोही आणि कसतोही. ताबा 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा पाहिजे, आणि जागा प्रत्यक्ष ताब्यात असेल तेवढी, 4 हेक्टरपर्यंत. नियम 13 प्रमाणे घर, झोपडी, सपाटीकरण, बांध हा पुरावा आहे. दावेदार सोडून गावातल्या इतर म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हाही पुरावा आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, ते इथं एकाच अंगणात मिळतात.

काही साथी म्हणतात, एवढ्याशा तुकड्यासाठी कशाला भांडायचं, मोठा प्लॉट अडकेल. आम्ही म्हणतो, उलट आहे. आज जे पट्ट्यात आलं नाही, तेच उद्या अतिक्रमण ठरेल. शेत आपलं आणि घर मात्र वनखात्याच्या जागेत, अशी गत होईल.

म्हणून प्रत्येक पाड्यानं एवढं करावं. वनहक्क समिती जागा पाहायला येईल तेव्हा घरातल्या बाईनं पुढं व्हावं आणि परसाची हद्द चालून दाखवावी. कुठलं झाड कोणी लावलं, मांडव कधीपासून आहे, ते पंचनाम्यात लिहून घ्यावं. शेजारच्या म्हातारीचा जबाब घ्यावा. तिला साल आठवणार नाही, पण थोरल्याच्या जन्माला आंबा लावला हे आठवेल. तेच लिहा. समितीत किमान एक तृतीयांश बाया असायला हव्यात. त्या नुसत्या अंगठ्यापुरत्या नकोत. जागेवर मोजणी झाल्याशिवाय कागदावर सही करू नका.

आणि बायांनो, पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं निघतो. परस तुम्ही राखलंय. तुमचं नाव लिहिलंय की नाही, ते स्वतः वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या.

शेत आमचं, घर आमचं, परसही आमचंच!