शेजाऱ्यांची लीग हवी

गेल्या निरोप समारंभाच्या रात्री मेसमधून परतताना बारावीचा एक कॅडेट माझ्याबरोबर बास्केटबॉल कोर्टापर्यंत आला. सहावीत शाळेत दाखल झाला तेव्हापासून मी त्याला ओळखत होतो. अंधारात बोर्डाकडे पाहत तो म्हणाला, "सर, सात वर्षं रोज इथे खेळलो. पण बाहेरच्या शाळेशी एकही मॅच खेळलो नाही."

त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मला उत्तर सुचले नाही, कारण संघ निवडणारा मीच होतो. वर्षातून एकच मोठी स्पर्धा, तीही बाद पद्धतीची. हरलो की दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. अशा स्पर्धेला बारा जण जातात, त्यातले सात-आठ जण खेळतात आणि बाकीचे टॉवेल सांभाळतात. हा मुलगा तेरावा, चौदावा असायचा. ट्रॉफी हवी असेल तर प्रशिक्षक चौदाव्या मुलाला नेत नाही. मीही नेले नाही.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात आहे. आपल्या वेळापत्रकात रोज खेळाचा तास आहे. मैदाने आहेत, हाऊस मॅचेस आहेत, कॉक हाऊस ट्रॉफीसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारी मुले आहेत. तरीही बहुतेक कॅडेट आपल्याच मित्रांशी खेळून शाळा सोडतात. असे का?

एक कारण उघड आहे. आपण 'आपल्यासारख्यां'शीच खेळायचे असे मनात धरून बसलो आहोत, आणि आपल्यासारखे फार दूर आहेत. राष्ट्रीय मिलिटरी स्कूल देशात पाचच: चैल, अजमेर, धोलपूर, बेळगाव आणि बंगळूर. सैनिक शाळा त्याहून बऱ्याच अधिक, पण त्याही राज्याराज्यांत विखुरलेल्या. अशा शाळांची भेट वर्षातून एकदाच होणार. दर आठवड्याला खेळायचे असेल तर शेजारी शोधावे लागतील.

या बाबतीत अमेरिकेतील लहान कॉलेजांच्या एका क्रीडा मंडळाची रचना मला विचार करण्यासारखी वाटते. तिथे अशा मंडळाला कॉन्फरन्स म्हणतात. जवळपासची काही कॉलेजे एकत्र येतात, सामायिक नियम ठरवतात आणि प्रत्येक हंगामात आपसांत सामने खेळतात. अमेरिकन कॉलेजांचे खेळ म्हटले की आपल्याला लाखभर प्रेक्षकांची स्टेडियम आणि खेळाडूंना मिळणाऱ्या मोठ्या शिष्यवृत्त्या आठवतात. ती पहिली श्रेणी, डिव्हिजन वन. मी सांगतो आहे ते तिसऱ्या श्रेणीबद्दल. डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून अधिक कॉलेजे आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास बंदी आहे. मुले खेळतात ती खेळायचे असते म्हणून.

या श्रेणीतल्या एका मंडळाचे नाव न्यू इंग्लंड विमेन्स अँड मेन्स ॲथलेटिक कॉन्फरन्स, थोडक्यात 'न्यूमॅक'. त्याची सभासद कॉलेजे पाहा. केंब्रिजची एमआयटी आणि वूस्टर पॉलिटेक्निक ही दोन्ही तंत्रज्ञानाची. बॅबसन व्यवसाय-व्यवस्थापनाचे. वेलस्ली, स्मिथ आणि माउंट होल्योक ही तीन मुलींची. स्प्रिंगफील्ड कॉलेज शारीरिक शिक्षणासाठी प्रसिद्ध. आणि यांच्याच जोडीला न्यू लंडन येथील युनायटेड स्टेट्स कोस्ट गार्ड अकादमी, म्हणजे आपल्यासारखीच वर्दी, फॉल-इन आणि बिगुल असलेली संस्था. एकाला दुसऱ्यासारखे म्हणावे असे त्यांत फारसे काही नाही. त्यांना जोडणारी गोष्ट म्हणजे शेजार. बहुतेक कॉलेजे एकमेकांपासून बसने दोन-तीन तासांच्या आत आहेत. दुपारी निघायचे, सामना खेळायचा, रात्री आपल्या वसतिगृहात परत.

बास्केटबॉलच्या हंगामात इथे सभासद संघ एकमेकांशी साखळी सामने खेळतात. मग वरचे संघ मंडळाच्या अंतिम स्पर्धेत उतरतात आणि विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो. म्हणजे ट्रॉफी तिथेही आहे. फक्त तिच्याकडे जाणारी वाट बऱ्याच सामन्यांमधून जाते. एक सामना हरला म्हणून हंगाम संपत नाही, आणि म्हणून प्रशिक्षकाला चौदाव्या मुलाला उतरवण्याची हिंमत होते.

या मंडळाचा इतिहासही कॅडेटांनी जाणून घ्यावा असा आहे. ते १९८५ मध्ये सुरू झाले तेव्हा फक्त मुलींच्या संघांसाठी होते. मुलांचे संघ त्यात आले १९९८ मध्ये. मुलींनी उभारलेल्या घरात मुलगे नंतर आले! कोस्ट गार्ड अकादमीने मुलींना प्रवेश दिला १९७६ मध्ये. आपल्याकडे सर्व सैनिक शाळांची दारे मुलींना २०२१-२२ पासून उघडली आणि एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. म्हणून लीगचा विचार करताना मुलींचे संघ 'पुढे पाहू' म्हणून बाजूला ठेवू नयेत. पहिल्याच वर्षापासून त्यांचे सामने वेळापत्रकात असावेत.

शेजाराचा फायदा किती मोठा असतो, हे त्याच भागात एकदा दिसले आहे. डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या बाल्कनीच्या कठड्याला लावून आणि तेरा नियम लिहून बास्केटबॉल सुरू केला. जवळच्याच गावातल्या स्मिथ कॉलेजमध्ये सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो खेळ मुलींना शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये तिथे मुलींचा सामनाही झाला. १८९५ मध्ये होल्योक या शेजारच्या शहरात विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल तयार केला. त्यांचे शिक्षण स्प्रिंगफील्डलाच झाले होते. पुढे स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले हॅरी बक भारतात आले आणि १९२० मध्ये त्यांनी मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. आज आपल्या कोर्टावर आखलेल्या रेषा त्या वाटेने इथवर आल्या आहेत. नवा खेळ आपल्याच आवारात ठेवून त्या शाळेने दार लावून घेतले असते तर?

आता आक्षेपांकडे येतो. स्टाफ रूममध्ये ते मी ऐकले आहेत.

पहिला आक्षेप अभ्यासाचा. बोर्ड आहे, एनडीएची लेखी परीक्षा आहे, एसएसबी आहे. पालकांची काळजी खरी आहे. पण अभ्यास आणि खेळ यांत एकच निवडावे लागते असे एमआयटीला वाटत नाही. तिथे तीसहून अधिक खेळांचे संघ आहेत, आणि पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला शारीरिक शिक्षणाचे वर्ग आणि पोहण्याची अट पूर्ण करावी लागते. कोस्ट गार्ड अकादमीतही कॅडेटला कोणत्या ना कोणत्या खेळात उतरावेच लागते. मी मागतो आहे तो वेळ शनिवारच्या दुपारचा आहे. संध्याकाळच्या प्रेपला हात लागणार नाही.

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा. "गावातल्या शाळेकडून हरलो तर काय सांगायचे?" सांगायचे की हरलो. पुढच्या शनिवारी पुन्हा खेळू. कोस्ट गार्डचे कॅडेट इंजिनिअरिंगच्या मुलांकडून हरतात आणि सोमवारी त्याच ताठ मानेने परेडला उभे राहतात. वर्षातून एकदाच हरणाऱ्या मुलाला हार पचवायला शिकताच येत नाही. जो उद्या अधिकारी होणार आहे त्याने हे शाळेतच शिकलेले बरे.

शिवाय अभिमानाच्या लढतीला लीगमध्ये जागा असतेच. कोस्ट गार्ड आणि किंग्ज पॉइंटची मर्चंट मरीन अकादमी यांच्यात फुटबॉलचा 'सेक्रेटरीज कप' खेळला जातो. २०१७ मध्ये न्यूमॅकने फुटबॉल सुरू केला तेव्हा ही जुनी चुरसही मंडळात आली. तसेच आपली हाऊस ट्रॉफी राहील, वर्षाची मोठी स्पर्धाही राहील.

तिसरा आक्षेप खर्चाचा आणि शिस्तीचा. तो मी पूर्ण नाकारत नाही. त्या कॉलेजांकडे पैसा आहे, आपल्याकडे एक बस आहे. म्हणून सुरुवात लहान असावी. खेळ दोनच, बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल. जवळच्या तीन शाळा आणि आपण. प्रत्येकाचा सामना एकदा आपल्या मैदानावर, एकदा त्यांच्या. यजमानाने चहा-नाश्ता द्यावा. सोबत एक शिक्षक, आणि रात्रीच्या हजेरीच्या आत परत. आणि माझा आग्रहाचा एक नियम: सामन्याला नेलेला प्रत्येक खेळाडू निदान एका डावात मैदानात उतरलाच पाहिजे. हा नियम मी सर्वांत आधी माझ्यासाठी मागतो आहे. तो नसेल तर मी पुन्हा तेच करीन, हे मला माहीत आहे.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. आपली मुले उंच भिंतीच्या आत वाढतात. त्यातून शिस्त येते, मैत्री येते. पण भिंतीपलीकडची मुलेही याच देशाची आहेत आणि उद्या या कॅडेटांना त्यांच्यासाठीच उभे राहायचे आहे. त्यांची ओळख फक्त बाजारात, आउटपासच्या दोन तासांत व्हावी हे बरे नाही. ज्याच्याशी चार वर्षे घाम गाळून खेळलो, त्याला माणूस विसरत नाही.

तो बारावीचा मुलगा आता शाळेबाहेर आहे. त्याला मी काही देऊ शकत नाही. पण आठवीत एक मुलगा आहे. संध्याकाळच्या फॉल-इनच्या दहा मिनिटे आधी येऊन एकटाच फ्री थ्रो मारत असतो. उंची बेताची आहे, वेग कमी आहे. निवड झाली तर तो तेरावा किंवा चौदावा असेल. त्याच्याकडे अजून चार वर्षे आहेत. शेजारच्या शाळांना पत्र पाठवायला एक दिवस पुरतो. मसुदा मी लिहून ठेवला आहे, प्राचार्यांच्या सहीसाठी.