फिफ्टीन की फिफ्टी?



मागच्या महिन्यात पुण्याहून माझी भाची आली होती. सकाळी तिला कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला पाठवलं. दुकानदाराने विचारलं, "ओक्क पाल पॅकेट चाला?" ही घाबरून रिकाम्या हाताने परत! "मावशी, तो पालीचं पॅकेट देत होता, आणि वर मलाच 'चाला' म्हणाला!" बिचाऱ्याने एवढंच विचारलं होतं, की दुधाची एकच पिशवी पुरे का?

आपण हसलो खरे, पण इंग्रजीत आपली गत वेगळी नसते.

काही जोड्या इंग्रजीतच सारख्या ऐकू येतात. 'प्रिन्सिपल' घ्या. कॉलेजचे प्रिन्सिपल आणि कर्जाचं मुद्दल, दोन्हींच्या शेवटी 'पी-ए-एल'. तत्त्व या अर्थाच्या शब्दाच्या शेवटी मात्र 'पी-एल-ई'. 'स्टेशनरी'चंही तसंच. वह्या-पाकिटांच्या स्टेशनरीत शेवटी 'ई-आर-वाय', जागेवर उभ्या गाडीसाठी 'ए-आर-वाय'. एन्व्हलपचा 'ई' लक्षात ठेवला की झालं. इथे कान काही मदत करत नाही, स्पेलिंगच पाठ हवं.

दुसऱ्या जोड्या मात्र आपणच तयार केल्या आहेत. "उद्या गणिताची टेस्ट आहे" आणि "आमटीला टेस्ट नाही", यातले दोन्ही शब्द आपण एकसारखे म्हणतो. वाचायचा पेपर आणि पिझ्झावर भुरभुरवायचा पेपर, लिहायचं पेन आणि गुडघ्यातलं पेन, तेही तसेच. इंग्रजीत हे स्वर निराळे आहेत. एक आखूड, तर दुसरा लांबवून किंचित 'इ'कडे वळणारा. देवनागरीत दोघांना मिळून एकच मात्रा, म्हणून आपल्या तोंडी ते जुळे झाले. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' यांनाही आपल्याकडे एकच 'व'.

यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मराठीतही 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. फेब्रुवारीत मराठी भाषा गौरव दिनाचा फलक लिहिताना एक वेलांटी चुकली, तर गौरव कसला आणि काय!

पण एका जोडीने मला चांगलाच धडा शिकवला. दोन वर्षांपूर्वी सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या होत्या. संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. इन्सुलिनचा डोस बदलायचा होता. एकीकडे कुकरची शिट्टी, खाली रस्त्यावर वरात. मी ऐकलं 'फिफ्टी' आणि कागदावर ठळक ५० लिहून मोकळी झाले. दहावीतला माझा मुलगा कागद बघून म्हणाला, "आई, काल बारा युनिट होते, आज एकदम पन्नास?" पोटात गोळा आला. लगेच उलट फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "फिफ्टीन. वन, फाइव्ह." त्या रात्री मी कितीदा तरी उठून सासूबाईंना पाहून आले. त्या शांत झोपल्या होत्या.

चूक डॉक्टरांची नव्हती, माझ्या कानाची होती. हे दोन शब्द वेगळे ओळखू येतात ते बरंचसं आघातामुळे. 'फिफ्टी'त जोर सुरुवातीला, एकट्याने म्हटलेल्या 'फिफ्टीन'मध्ये शेवटाला. फोनवर शेवटचा 'न' हरवला, की भिस्त त्या जोरावरच.

या विषयाचं आपल्या शहराशी जुनं नातं आहे. १९५८ साली हैदराबादेत सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश सुरू झाली. तारनाक्याजवळची आजची 'इफ्लू' ती हीच. भारतीयांचं इंग्रजी इतरांना कितपत समजतं, यावर तिथल्या आर. के. बन्सल यांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. शब्दातला आघात भलत्या जागी पडणं, हे न समजण्याचं एक मोठं कारण त्यात पुढे आलं.

तेव्हा मुलांनो, उच्चार जरूर सुधारा, पण त्यावर विसंबू नका. औषध, पैसे, फ्लॅट नंबर, गाडीची वेळ, काहीही असो, आकडे सुटे करून म्हणा: वन-फाइव्ह, फाइव्ह-झिरो. नाव असेल तर स्पेलिंग विचारा. आणि ऐकलेलं समोरच्याला पुन्हा म्हणून दाखवा. पुन्हा विचारलं तर इंग्रजी कच्चं दिसेल, ही भीती सोडा. माझ्या मुलाने त्या दिवशी विचारलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करू शकत नाही.

तुमच्या घरातही अशा फसव्या जोड्या असतील. इंग्रजी, तेलुगू, दखनी, कुठल्याही चालतील. जरूर लिहून पाठवा, पुढच्या अंकात त्यांच्यावर बोलू.