तंगुसाचा कैवार

मासे धरणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक पोटासाठी धरणारे, दुसरे हौसेसाठी धरणारे. पोटासाठी धरणारा दोरीला जपतो. कोकणात खाडीच्या कडेला गरवायला बसलेला एखादा म्हातारा पाहा. त्याचा तंगूस, म्हणजे आपला तो नायलॉनचा पारदर्शक दोर, आधी हातभर हातभर बोटांतून फिरतो. कुठे खरखर लागली की म्हातारा तेवढा तुकडा कापून टाकतो आणि नवी गाठ मारतो. आमिष म्हणाल तर कालच्या कोळंबीचा उरलासुरला तुकडा. हौसेसाठी धरणाऱ्याचं नेमकं उलटं. त्याचं आमिष लग्नातल्या नवरदेवासारखं नटलेलं असतं, आणि ते ज्या दोराला बांधलंय तो दोर कधी घातला, हे त्यालाही आठवत नसतं.

या दुसऱ्या जातीविरुद्ध मला फिर्याद द्यायची आहे. तुम्ही विचाराल, तुमचा काय संबंध? मी बँकेत कारकून. बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात माशांवर एकही धडा नव्हता, हे खरं. पण जोखमीवर होता. आणि माझी तक्रार माशांबद्दल नाहीच, जोखमीबद्दल आहे.

प्रकरण अमेरिकेतलं आहे. तिथे लार्जमाउथ बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा आहे. नावाप्रमाणेच तोंड मोठं. (आपल्याकडे एवढ्या तोंडाचा प्राणी युनियनच्या निवडणुकीला उभा राहतो.) या माशाच्या मागे तिथली लाखो माणसं सुटीच्या दिवशी पहाटे उठून जातात. जी माणसं एरवी सोमवारी वेळेवर उठत नाहीत, तीच ही! माझा एक भाचा कॅलिफोर्नियात सॅन डिएगोला असतो. तोही यातलाच. त्याच्याकडे महिनाभर राहून आलो, त्यातले चार रविवार तलावाकाठी काढले आणि उरलेले दिवस त्याच्या तोंडून तलाव ऐकण्यात गेले.

आता न्यायाचं बोलायचं तर मोठ्या आमिषाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. १९५९ साली सॅन डिएगोच्या तलावांत फ्लॉरिडातल्या जातीचे बास आणून सोडले. ही जात अंगाने थोराड. पुढे त्याच भागातल्या तलावांत, लोकांना थंडीत धरायला मिळावेत म्हणून ट्राउट मासे सोडू लागले. लोकांसाठी वाढलेलं ताट बासांनी पळवलं. वीतभर लांबीचा ट्राउट एका घासात मिळत असेल तर बारक्या किड्यांमागे धावतो कोण? दिवसभर दहा-दहा रुपयांची खाती उघडण्यापेक्षा एक मोठी ठेव बरी, हे माशालाही कळतं. मग माणसांनी त्या ट्राउटच्या मापाची, रंगाची, शेपूट हलवत पोहणारी आमिषं घडवली. स्विमबेट म्हणतात त्यांना. आठ इंच, दहा इंच लांब. वजन सहा औंस, म्हणजे १७० ग्रॅम. काही आमिषं मऊ रबरी, काही लाकडाची किंवा टणक प्लॅस्टिकची, मध्ये सांधा असलेली, नागमोडी डुलणारी. किंमत वीस-तीस डॉलरपासून सुरू होते आणि जपानी कारागिराने हाताने घडवलेलं असेल तर काहीशे डॉलरांवर जाते. इथपर्यंत माझी हरकत नाही. हौसेला मोल नसतं.

हरकत पुढे आहे. एवढं आमिष घेणारा माणूस दुकानात तासभर त्याचे डोळे न्याहाळतो, खवले मोजतो, शेपटीला कुंकवाएवढा लाल ठिपका हवा की नको यावर मित्राशी भांडतो. आणि दोराची पाळी आली की म्हणतो, “आहे घरी कुठलातरी.”

अहो, आमिष हे मुद्दल आहे. दोर हे तारण आहे. आणि गाठ ही जामीनदाराची सही आहे. पाचशे डॉलरचं कर्ज, तारण म्हणून गेल्या वर्षीचा उन्हात वाळलेला दोर, आणि सही घाईघाईत पेट्रोल पंपावर मारलेली! असा अर्ज माझ्या टेबलावर आला तर मी तो शिपायाकडूनच परत पाठवीन.

भाच्याने दुसऱ्या रविवारी असंच एक नवं कोरं आमिष फेकलं. १७० ग्रॅम म्हणजे बऱ्यापैकी मोठा बटाटा. तो पूर्ण ताकदीने भिरकावला, त्याच क्षणी रिळावर दोराचा गुंता झाला आणि दोर अडला. बटाटा अडला नाही. टणकन आवाज झाला आणि आमिष एकटंच पैलतीराच्या दिशेने निघून गेलं. फार सुंदर उडालं हो! भाचा म्हणाला, “मामा, दोर वीस पौंडी होता!”

“होता,” मी म्हटलं.

डबीवरच्या पौंडांवर या लोकांचा जो विश्वास आहे, तो आमच्या खातेदारांचा बँकेच्या जाहिरातीवरही नाही. वीस पौंड म्हणजे नऊ किलो, हे नव्या, सरळ, न घासलेल्या दोराबद्दल. त्यात गाठ मारली की ताकद उतरते. कोरडीच गाठ ओढली तर घर्षणाच्या उष्णतेने आणखी उतरते. म्हणून ती आधी थुंकीने ओली करायची, हे कोकणातल्या म्हाताऱ्याला कुठल्याही डबीने सांगितलेलं नाही.

दोर निवडायचा म्हणजे तरी काय? जाती तीनच. नायलॉन १९३८ साली जगापुढे आलं. हा जुना हेडक्लार्क. ताण आला की थोडा लांबतो, धक्का सोसतो, सांभाळून घेतो; पाणी प्यायला की जरा नरमतो आणि उन्हाने म्हातारा होतो. दुसरा फ्लुओरोकार्बन. याचा दोर जपानमधल्या कुरेहा कंपनीने १९७१ साली काढला. हा ऑडिटर. चटकन दिसत नाही, जड असल्यामुळे थेट तळाला जाऊन बसतो, आणि खडकावर घासला तरी सहजी हार मानत नाही. तिसरा वेणीसारखा विणलेला पॉलिएथिलीनचा दोर. हा नवा प्रोबेशनर. ताकद अफाट, लवचीकपणा शून्य, पाण्यावर तरंगतो. आणि ताणलेला असताना धारदार खडकाशी गाठ पडली की एकदम राजीनामा.

यावरून निवड सरळ आहे. आमिष पाण्याच्या पृष्ठभागावर डुलत येणारं असेल तर ऑडिटर नको, तो त्याचं नाक खाली ओढतो, तिथे नायलॉन. आमिष खोल, खडकाळ तळाशी न्यायचं असेल तर फ्लुओरोकार्बन. दाट पाणवनस्पतींतून एकाच मोठ्या गळाचं आमिष ओढून काढायचं असेल तर विणलेला. आणि ज्या आमिषाच्या पोटाखाली तीन-तीन काट्यांचे दोन गळ लोंबतात, तिथे धक्का सोसणारा, वीस-पंचवीस पौंडी नायलॉन किंवा फ्लुओरोकार्बन घ्यावा. तिथे न लवणारा दोर आणि ताठ काठी एकत्र आली तर गळ माशाच्या तोंडातून फाटून सुटतात. या चार वाक्यांत खवले नाहीत आणि लाल ठिपकाही नाही, म्हणून ती कुणी ऐकत नाही.

उलट ऐकतात काय, तर “हा दोर माशाला दिसतच नाही!” निवळशंख पाण्यात यात थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. पण विचार करा. वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा ट्राउट, त्याच्या पोटाखाली सहा चकचकीत काटे, हे माशाला दिसत नाही. आणि नेमका अर्ध्या मिलिमीटरचा दोर तेवढा दिसतो! एवढा चिकित्सक मासा असेल तर त्याला पाण्यातून काढून आमच्या कर्जवसुली विभागात घ्यावा.

कुणी म्हणेल, मोठं आमिष तर मोठा मासा, हे तर सिद्ध आहे ना? जगातला विक्रमी बास जॉर्ज पेरी याने २ जून १९३२ रोजी जॉर्जिया राज्यात धरला. वजन २२ पौंड ४ औंस. मंदीचे दिवस, विक्रम पेरीच्या घरच्यांनी खाऊन टाकला. तेव्हा ना नायलॉन होतं, ना दहा इंची ट्राउट. त्या विक्रमाची बरोबरी मनाबू कुरिता याने २ जुलै २००९ रोजी जपानच्या बिवा सरोवरात केली, ती जिवंत ब्लूगिल माशाच्या आमिषावर. त्याचा मासा किंचित जड भरला, पण विक्रम मोडायला दोन औंस जास्त लागतात, म्हणून बरोबरी. (असा नियम करणारा माणूस नक्की बँकेतून निवृत्त झालेला असणार.) मोठ्या आमिषाला मोठा मासा लागतो, हे मी नाकारत नाही. लागतो आमिषामुळे, पण हाताशी येतो तो दोरामुळे.

आणि इथे थट्टा संपते. दोर तुटला की तुमचं आमिष गेलं, एवढंच नाही. ते माशाच्या तोंडात गेलं. सहा काट्यांनी वरचा आणि खालचा जबडा एकमेकांना शिवून टाकल्यावर त्या माशाने खायचं कसं? शिवाय तुटलेला दोर पाण्यात वर्षानुवर्षं कुजत नाही, पक्ष्यांच्या पायांत अडकतो. एस्कॉन्डिडोच्या डिक्सन तलावात हनुवटीखाली काळा ठिपका असलेली एक मादी होती. लोक तिला नावाने ओळखत, डॉटी. २००६ च्या मार्चमध्ये मॅक वीकलीने तिला बाहेर काढलं, हातकाट्यावर २५ पौंड १ औंस भरली. जागतिक विक्रम समोर तडफडत होता. पण गळ तोंडात नव्हे, अंगात रुतला होता. वीकलीने तिला सोडून दिलं आणि विक्रमाचा दावाच केला नाही. २००८ च्या मे महिन्यात ती मेलेली, पाण्यावर तरंगताना सापडली. ज्या खेळात माशाला नाव असतं, वय असतं, आणि माणसं विक्रमावर पाणी सोडून त्याला परत पाण्यात सोडतात, त्या खेळात कुजका दोर वापरणं हा आळस नाही. तो बेइमानीचा व्यवहार आहे.

तेव्हा आमिषं खुशाल घ्या. दहा इंची घ्या, कपाटात मांडा, पाहुण्यांना दाखवा. पण फेकण्याआधी शेवटचा वावभर दोर बोटांतून फिरवा आणि खरखर लागली तर कापा. दोनशे यार्डांची गुंडी वीस डॉलरची धरली तर वावभर दोराचे वीस सेंट पडतात. तेवढे तर बँका तुम्हाला न विचारता कापतात.